अप्पांची ग्रंथतुला आणि आत्यांचे चंद्र

सासऱ्यांना कांद्याच्या काट्यावर बसवण्याची कल्पना माझी नव्हती. काटा मात्र मी आणला.

त्याचं असं झालं, की आमच्या अप्पांना एक्याऐंशीवं वर्ष लागलं आणि त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला. माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या की हा सोहळा करतात. (पौर्णिमेला ढग असले तर ती धरायची की नाही, हे मी गुरुजींना विचारलं होतं. "ताई, इतकं कोणी विचारत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.) आमच्या घरात कार्य निघालं की ते माझ्याकडे येतं. मी कोणाकडून ओढून घेत नाही. फक्त दुसऱ्याने केलेलं मला बघवत नाही.

अप्पा इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. अप्पा शब्द सांभाळतात. एक शब्द घ्यायचा आणि त्याचं मूळ, कूळ, सोयरीक सगळं खणून काढायचं. एका शब्दाला साधारण दोन महिने लागतात आणि ते दोन महिने आम्हालाही लागतात. सोहळा ठरला तेव्हा 'एल्डर' चालू होता.

"एल्डर म्हणजे वडीलधारा," अप्पा जेवताना म्हणाले. "पण चर्चमधला एल्डर हा पदाधिकारी. तो चाळिशीतला असला तरी चालतो."

"कोशिंबीर घ्या, अप्पा."

"आणि एल्डर नावाचं एक झाडही असतं. त्याचा वडीलधारेपणाशी काही संबंध नाही! ते निराळ्याच जुन्या शब्दावरून आलं. दोघांची कुळं वेगळी, बोलता बोलता नाव एक झालं. आणि ऑल्डरमन, म्हणजे तिकडचा नगरसेवक, तो मात्र याच वडीलधाऱ्याच्या कुळातला."

"नगरसेवक वडीलधारा?" माझे यजमान श्रीकांत म्हणाले. "आपल्या वॉर्डात येऊन बघा म्हणावं."

सोहळ्यात आपण या शब्दावर बोलायचं, असं अप्पांनी जाहीर केलं. मी पाच मिनिटं दिली. "पाच मिनिटांत मी अँग्लो-सॅक्सन काळातून बाहेरसुद्धा येत नाही," अप्पा म्हणाले. बरीच घासाघीस करून मी सात केली.

त्यांची दुसरी अट ग्रंथतुलेची. सोनं नाही, चांदी नाही. पुस्तकांनी तोलायचं आणि ती पुस्तकं खडकवासल्याच्या पुढच्या एका शाळेला द्यायची. पाहुण्यांना मी कळवून टाकलं, की आहेर आणू नये, पुस्तकं आधी पाठवावीत. पुस्तकं आली. अभ्यासाची गाइडं आली, मधुमेहींसाठी रुचकर पाककृती आल्या, 'यशस्वी कसे व्हावे' या विषयावरची, यशस्वी न झालेल्या लोकांनी पाठवलेली डझनभर पुस्तकं आली. चुलत दिरांनी स्वतःच्या कवितासंग्रहाच्या उरलेल्या सगळ्या प्रती पाठवल्या. (सगळ्याच उरल्या होत्या.)

आता मी व्यवस्थित बाई आहे. कार्याच्या दिवशी सुटी पुस्तकं कोण वेचत बसणार? विमानप्रवासात बॅगा तोलायचा आकडीचा काटा घरात होता. त्यावर तोलून मी बरोबर पाच-पाच किलोचे गठ्ठे सुतळीने बांधले आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात '५ किलो' लिहिलं. अप्पांचं वजन बासष्ट. बारा गठ्ठे आणि वर थोड्या कविता. शिवाय अडीअडचणीला दोन गठ्ठे जादा. इतकं नीटनेटकं नियोजन पाहून मला स्वतःचाच हेवा वाटला.

मोठा काटा मिळाला पोपटरावांकडे. पोपटराव वारज्याचे जुने शेतकरी. त्यांच्याच रानावर आमची सोसायटी उभी आहे आणि ते आता घाऊक कांदा-बटाट्याचा धंदा करतात. त्यांच्या दुकानात सगळं इलेक्ट्रॉनिक आहे, पण वडिलांच्या वेळचा तिपाईवर टांगायचा, साखळ्यांच्या पारड्यांचा काटा त्यांनी जपून ठेवलाय.

"घिऊन जावा वहिनी," ते म्हणाले. "कांद्याचा हाय, पर आजवर कुनाला फसावलं न्हाई. मी सोता येतो लावायला."

काटा सोसायटीच्या हॉलमध्ये आला. मी पारडी धुतली, झेंडूच्या माळा गुंडाळल्या, वर अत्तर शिंपडलं. त्यानंतर हॉलमध्ये अत्तर लावलेल्या कांद्याचा वास यायला लागला.

राहिल्या आत्या. अप्पांची थोरली बहीण, वय पंच्याऐंशी. यजमान गेल्यापासून वाघोलीला एका नव्या टॉवरमध्ये एकट्या राहतात, इस्त्रीची सुती साडी नेसतात आणि फार कमी बोलतात. जे बोलतात ते समोरच्याला आठवडाभर पुरतं. मी त्यांना फोन करून सोहळ्याचं सांगितलं आणि पहिलं औक्षण तुमचं, असा मानही दिला.

"बाळूचं सहस्रचंद्रदर्शन?" आत्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "बरं. करा."

किती समंजस बाई, असं मला वाटलं!

सोहळ्याचा दिवस उजाडला आणि सगळं आखल्याप्रमाणे घडू लागलं. इथेच मी घाबरायला हवं होतं. गुरुजी वेळेवर आले आणि आल्या आल्या म्हणाले, "पुढे कोथरूडला वास्तुशांत आहे, आटोपतं घेऊ." अप्पा धोतर, उपरणं आणि खिशात भाषणाचा कागद अशा थाटात पारड्यात मांडी घालून बसले. पोपटरावांनी आणि श्रीकांतने समोरच्या पारड्यात गठ्ठे चढवले. बाराव्या गठ्ठ्याला पारडं हललं, वर कविता ठेवल्या आणि अप्पा अलगद उचलले गेले! दोन्ही पारडी समोरासमोर आली. टाळ्या पडल्या. आमची सई मोबाइलवर व्हिडिओ घेत ओरडली, "आजोबा, सो क्यूट! इकडे बघा ना!"

"आता थोरल्या भगिनींनी औक्षण करावं," गुरुजी म्हणाले.

आत्या तबक घेऊन उभ्या राहिल्या. निरांजनाची वात थोडी वाकडी होती, ती त्यांनी सरळ केली. तेवढ्या वेळात गुरुजींनी, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "आजी, आपलं सहस्रचंद्रदर्शन कुठे झालं? इथेच पुण्यात?"

"झालं नाही," आत्या म्हणाल्या.

"झालं नाही म्हणजे?"

"म्हणजे कोणी केलं नाही. माझे चंद्र भरले त्या वर्षी हे दवाखान्यात होते. मग राहिलं ते राहिलं. चंद्र मात्र मी याच्याहून जास्त पाहिलेत हो. हा रात्री रडायला लागला की याला घेऊन मलाच गच्चीवर पाठवायचे. हा झोपायचा. चंद्र मी बघायची."

गुरुजींनी हातातल्या अक्षता परत ताटात ठेवल्या. "तसा काही नियम नाही," ते म्हणाले, "पण थोरल्या बहिणीचं राहिलेलं असताना धाकट्याचं करणं... बरं दिसत नाही." आणि माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही ढगांचं विचारलंत. हे नाही विचारलंत."

आचाऱ्याला तूप कुठलं, पाहुण्यांच्या गाड्या कुठे, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या किती, सगळं मी पाहिलं होतं. अप्पांना एक मोठी बहीण आहे हे मला ठाऊक होतं, तिला पहिलं औक्षणही दिलं होतं; पण जी अप्पांहून मोठी आहे तिचे हजार चंद्र आधी भरले असणार, एवढी साधी वजाबाकी माझ्या हातून राहिली होती!

आत्यांनी शांतपणे अप्पांना विचारलं, "बाळू, मी तुझ्यापेक्षा मोठी, हे तुझ्या इंग्रजीत कसं म्हणतात रे?"

अप्पांच्या चेहऱ्यावर दोन भाव एकदम आले. एक धाकट्या भावाचा, एक शिक्षकाचा. शिक्षक जिंकला. "अमक्यापेक्षा म्हणायचं असेल तर 'ओल्डर दॅन', अक्का. 'एल्डर'ला 'दॅन' लागत नाही. एल्डर नुसतंच असायचं. एल्डर सिस्टर."

"एकूण मोठीच ना?"

"मोठीच," अप्पा म्हणाले. आणि मग त्यांना एकदम काहीतरी उमगलं असावं, कारण ते पारड्यातून ताडकन उठून खाली उतरले.

आता काट्याच्या एका पारड्यातला माणूस अचानक उतरला की दुसऱ्या पारड्याचं काय होतं, हे इथे सविस्तर सांगत नाही. आवाज खालच्या पार्किंगपर्यंत गेला. वॉचमन वर धावत आला. सुतळ्या तुटल्या, गाइडं उडाली आणि कवितासंग्रह घसरत घसरत थेट पाहुण्यांच्या पायांपर्यंत गेले. चुलत दिरांच्या कविता वाचकांपर्यंत पोचण्याचा तो पहिलाच प्रसंग!

आत्यांनी तबक टेबलावर ठेवलं. "माझ्यामुळे कार्य मोडायला नको. सई, मला गाडी बोलव गं. वाघोलीला."

"अक्का, तू न जेवता गेलीस तर मी इथे पाण्याचा थेंब घेणार नाही," अप्पा म्हणाले. ते उगाच म्हणत नव्हते. आमच्याकडे एकदा कोणी पानावरून उठून गेलं, की पुढच्या पिढीची लग्नं होईपर्यंत ते बोललं जातं. आणि या दोघांकडे तेवढा वेळ नव्हता.

"आत्याआजी," सई मोबाइलकडे बघत म्हणाली, "कॅब नियरबाय नाहीच आहे. पंचवीस मिनिटं दाखवतंय."

पुण्याच्या वाहतुकीचे माझ्यावर तेवढे उपकार आहेत. पंचवीस मिनिटांत मला एक थोरली बहीण परत जागेवर बसवायची होती.

मी कामाला लागले. "आत्या, आपण दोघांचं एकत्रच करू! बॅनरवर तुमचा फोटो आत्ता चिकटवते."

"कुठे? त्याच्या कानाशी?" आत्यांनी बॅनर पाहिला. अप्पांचा चेहरा भिंतभर पसरला होता. दुसऱ्या माणसाला जागा कानाशीच होती.

"मग तुमचं वेगळं करू. पुढच्या महिन्यात, छानपैकी, वाघोलीला हॉल घेऊन..."

"पुढच्या महिन्यात?" आत्या म्हणाल्या. "माझ्या वयाच्या माणसाला पुढची तारीख देताना जरा जपून द्यावी."

गुरुजी घड्याळ बघत होते. श्रीकांत मला खुणेने 'तू गप्प बस' म्हणत होता. पोपटराव मदतीला आले. "मी काय म्हंतो वहिनी, येका बाजूला भाऊ, येका बाजूला भन. दोगं येकदम तोलून टाका की!"

"पोपटराव," मी म्हणाले, "आत्या जड भरल्या तर अप्पा छताला लागतील."

हे मी हळू म्हणायला हवं होतं.

आत्यांनी पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात अप्पांनी माइक घेतला. खिशातून दोन महिन्यांच्या अभ्यासाचा कागद काढला, उलगडला, पाहिला आणि परत खिशात ठेवला.

"मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं," ते म्हणाले. "एल्डर शिकवताना फळ्यावर एकच वाक्य लिहायचो. 'शी इज माय एल्डर सिस्टर.' पुस्तकात दुसरं होतं, पण मी हेच लिहायचो, कारण मला लिहिताना अक्का दिसायची. दर वर्षी. चौतीस वर्षं पोरांनी माझी अक्का वहीत उतरवून घेतली. आणि आज ती समोर उभी असताना मी वर चढून बसलो."

एवढंच. अँग्लो-सॅक्सन काळाचं नावही घेतलं नाही.

आत्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"पोरांनी उतरवून घेतली," त्या म्हणाल्या. "तुझ्या सुनेने नाही घेतली."

सगळा हॉल हसला! मीही हसले. आत्यांनी पिशवी सईच्या हातात दिली. "ती गाडी नको म्हणून सांग. आणि तो काटा सरळ करा. पण हे बघ नीलिमा, दोन अटी. त्या फुलांच्या माळा काढायच्या, मी काही गौर नाही. आणि माझं वजन कोणी मोठ्याने बोलायचं नाही."

"कोणी नाही, आत्या! माझी हमी," मी म्हणाले.

आम्ही गठ्ठे पुन्हा बांधले. श्रीकांतने आणि सईने हात देऊन आत्यांना पारड्यात बसवलं. मी पोपटरावांच्या कानात सांगितलं, "वजनाचा आकडा अजिबात उच्चारायचा नाही." त्यांनी कानाला हात लावून शपथ घेतली. पण चाळीस वर्षं बाजारात काटा धरलेला माणूस तो. हातात माल आला की तोंड आपोआप सुरू होतं.

"लाभ!" पहिला गठ्ठा ठेवत पोपटराव कडाडले. बाजारात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "दोन! तीन! चार!"

आकडा वजनाचा नव्हता, गठ्ठ्यांचा होता; शपथ मोडली नव्हती. फक्त प्रत्येक गठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात '५ किलो' लिहिलेलं होतं, आणि हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला पाचाचा पाढा येत होता.

"बारा!" पोपटराव म्हणाले. पारडं हललं नाही.

"तेरा!" पारडं हललं नाही. पाहुण्यांचे ओठ हलले.

"चौदा!"

"सत्तर!" मागच्या रांगेतून कोणीतरी न राहवून म्हणालं.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पुस्तकं संपली होती, जादा गठ्ठेही संपले होते, चुलत दिरांच्या कविताही लागल्या होत्या, आणि आत्या जमिनीवरच होत्या. "घरी जा, मिळेल ते आणा!" मी ओरडले. सोसायटीतली माणसं पळाली. कोणी शाळेची जुनी पुस्तकं आणली, कोणी मिक्सरच्या हमीपत्रांची फाइल. (मी ती परत पाठवली. आपल्याकडे काही दर्जा आहे की नाही?) पारडं किंचित उचललं जाई आणि परत टेके.

तेव्हा अप्पा लिफ्टने वर घरी गेले आणि येताना त्यांचा मोठा शब्दकोश दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आले. आम्ही तो कधी पुसायलासुद्धा उचलत नाही. त्यांनी पहिल्या पगारातून घेतलेला.

"बाळू, अरे, हे शाळेला जाणार सगळं," आत्या म्हणाल्या. "मग तुला शब्द लागला तर?"

"शाळेत जाऊन बघीन. जाणं-येणं राहील त्या निमित्ताने," अप्पा म्हणाले आणि त्यांनी शब्दकोश वर ठेवला.

काट्याने जरा विचार केला आणि आत्या जमिनीवरून उचलल्या गेल्या. वीतभरच, पण उचलल्या गेल्या! पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंनी दोन्ही बाजूंच्या साखळ्या घट्ट धरल्या होत्या आणि त्या झोपाळ्यावर बसलेल्या मुलीसारख्या हसत होत्या. अप्पांनी स्वतः त्यांना ओवाळलं. मग आत्यांनी खाली उतरून अप्पांना ओवाळलं, अप्पांनाही रीतसर पुन्हा बसवलं. कोथरूडच्या वास्तुपुरुषाला थोडं थांबावं लागलं, पण गुरुजी आनंदाने म्हणाले, "राहू द्या, तिकडे लाइट गेलेत असा निरोप आलाय."

"तुझं ते भाषण राहिलं ना रे?" आत्यांनी अप्पांना विचारलं.

"झालं की मघाशी," अप्पा म्हणाले.

पानं मांडली गेली. आत्या अप्पांच्या शेजारी बसून पोटभर जेवल्या, दोनदा मसालेभात घेतला आणि आचाऱ्याला मीठ कमी पडल्याचंही सांगितलं. मला तेव्हा खरं हायसं वाटलं. माणूस रुसलेला असला की मिठाबद्दल बोलत नाही. जेवून उठताना त्यांनी मला हाक मारली.

"ये गं, तूही बसून घे काट्यावर."

"मी? आत्या, मी बावन्नची आहे! माझे चंद्र भरायला तीस वर्षं आहेत अजून."

"म्हणूनच म्हणते. पुढे तुझं सई करणार. ती तुझ्यासारखीच व्यवस्थित निघाली, तर तुझं राहूनच जाईल."

आत्यांचा शब्द कोण मोडणार? मी पदर खोचून, शक्य तितक्या प्रतिष्ठेने पारड्यात बसले. पारडं धप्पकन टेकलं. पोपटरावांनी बाह्या सरसावल्या आणि या वेळी त्यांच्याबरोबर सगळा हॉल मोजायला लागला. लाभ! दोन! तीन! दहा झाले, बारा झाले, चौदा झाले. शब्दकोश झाला. मी जमिनीवरच.

त्या दिवसातला टाळ्यांचा सगळ्यात मोठा कडकडाट मला मिळाला. तो नियोजनासाठी नव्हता.